हिवर, हुलगा आणि हमी

नगरच्या माळीवाडा बस स्थानकावर कुणी नुसतं "हिवऱ्याला जायचंय" म्हणालं, तर समोरचा आधी विचारील, "कोणतं हिवरं?" प्रश्न रास्त आहे. नगर आणि पारनेर या शेजारच्या दोन तालुक्यांत मिळून तीन हिवरे आहेत: हिवरे बाजार, हिवरे झरे आणि हिवरे कोरडा. एकाच्या नावात देवघेव, दुसऱ्याच्या नावात पाणी आणि तिसऱ्याच्या नावात पाण्याचा दुष्काळ. कोरडा या शब्दाचा चाबूक असाही अर्थ मराठीत आहेच. पण या मुलखात पाऊस जेमतेम, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्थच आधी येतो.

घरात दोन रामभाऊ झाले की एक थोरला ठरतो, एक धाकटा. गावांचंही तसंच झालं. सरकारी पद्धत खुर्द आणि बुद्रुकची. फारसीत खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे मोठा; मराठी जिभेवर बुजुर्गचा बुद्रुक झाला. १४९० मध्ये अहमद निजामशहानं नगर शहर वसवलं आणि पुढे शंभरावर वर्षं इथे निजामशाही होती, तेव्हा कागदोपत्री फारसीचा वावर असणं साहजिकच. पण लोकांनी आपापल्या सोयीनं ठेवलेली ओळख या सरकारी जोडीपेक्षा कितीतरी रसाळ आहे. नगर तालुक्यात निमगाव वाघा आहे आणि निमगाव घाणाही आहे. सारोळा कासार आहे आणि सारोळा बद्धीही. राळेगण तर नगर-पारनेर मिळून तीन: सिद्धी, म्हसोबा आणि थेरपाळ. माणसाला जसं टोपणनाव, तसं गावाला हे शेपूट. सातबाऱ्यावर चढलं, त्यामुळे आता ते सुटण्याची सोय उरली नाही.

हिवरे बाजारच्या शेपटात तर एक गंमत दडलेली आहे. जुन्या दप्तरात बाजारपेठ असलेल्या मोठ्या गावाला कसबा म्हणत आणि साध्या शेतीच्या गावाला मौजे. म्हणजे आज एखाद्या अर्जावर "मौजे हिवरे बाजार" असं लिहिलं जातं तेव्हा एकाच ओळीत गाव बाजाराचं नाही असंही म्हटलं जातं आणि आहे असंही. बाजार हा शब्दही फारसीच. मराठीत तो इतका मुरला की त्याच्यावर वाक्प्रचारांची पेठच वसली. फौजेमागून चालणाऱ्या न लढणाऱ्या लोकांचे बाजारबुणगे झाले, हाती न आलेल्या गोष्टीवरून भांडणाऱ्यांसाठी "बाजारात तुरी" तयार झाली आणि एखाद्याची फजिती केली की त्याचा बाजार उठवला.

नावाचा पहिला भाग मात्र पूर्ण देशी. हिवर हे बाभळीच्या गोतातलं काटेरी झाड. साल फिकट, पांढुरकी. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या नावात पांढऱ्या सालीचा ग्रीक शब्द घातला, ल्युकोफ्लिया. कमी पावसात, मुरमाड जमिनीत ते तग धरतं. महाराष्ट्रभर हिवरा, हिवरगाव, हिवरखेड अशी गावं सापडतात, ती या झाडाच्या आधारानं. झाडावरून गावाचं नाव पाडणं ही इथली जुनी खोड: निंबळक, हिंगणगाव, बाभुळवाडे, चिंचोली, पिंपळगाव. नकाशावरची नुसती नावं वाचत गेलं तरी या कोरड्या पठारावर कधीकाळी कोणती झाडं उभी होती याची यादी हाती येते. त्यातली बरीचशी कुऱ्हाडीनं नेली आणि नावं तेवढी मागे राहिली.

हिवराच्या सालीचा आणखी एक उपयोग होता. देशातल्या अनेक भागांत दारू गाळताना ती साल वापरत. इंग्रजीत या झाडाचं एक नावच "दारू गाळणाऱ्यांची बाभूळ" अशा अर्थाचं आहे. ज्या हिवरे बाजार गावानं हे झाड नावात मिरवलं, त्याच्याबद्दल सांगितलं जातं की १९८९ पर्यंत तिथे दारूच्या बावीस भट्ट्या होत्या. साऱ्या महाराष्ट्रातल्या अशा भट्ट्यांनी बोलीला दिलेले शब्द भट्ट्या बंद झाल्यावरही टिकून आहेत. भट्टीतून सगळ्यात आधी उतरते ती कडक, म्हणून "पहिल्या धारेची". आता हे विशेषण भाषणाला, शिवीला, अगदी कवितेलाही लागतं. खिशात मावेल अशी बाटली ती चपटी. सोबत तोंडात टाकायला चखणा, चाखण्यावरून आलेला. आणि "आज बसायचं का?" या प्रश्नात बसणे या निरुपद्रवी क्रियापदाचा अर्थ काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

या पट्ट्यातल्या खाण्याच्या नावांकडे वळलं की आधी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ही नावं साधी, उघडी आहेत. पदार्थ कसा केला किंवा कसा दिसतो, एवढंच ती सांगतात. शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांसारखी त्यांना कुण्या नवाबाची गोष्ट चिकटलेली नाही.

हुलग्याचंच बघा. कोकणात जो कुळीथ, तोच देशावर हुलगा. फार पाणी न मागणारं, हलक्या जमिनीत येणारं कडधान्य. त्याच्या पिठाचा घट्ट गोळा मळून हातावर वळायचा, शेंगेसारखा लांबट आकार द्यायचा आणि लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायचा, की झाले शेंगोळे. शेंगेसारखे दिसतात म्हणून शेंगोळे, बस्स. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं गूळ घालून केलेलं पातळ माडगं पावसाळी हवेत अंगात ऊब आणतं. हाच हुलगा-हरभरा घोड्यांना द्यायचा तेव्हा त्याला चंदी म्हणत. घोडे गेले, तबेले गेले. चंदी मात्र कचेरीत पोचली आणि "चंदी चारणे" म्हणजे लाच देणे झालं. घोडा चंदी खाल्ल्याशिवाय पाय उचलत नाही, हे पाहिलेल्या पिढीनंच हा शब्द फायलीला लावला असणार.

मासवडीची गोष्ट याहून मिस्कील. पारनेर, जुन्नर, संगमनेर या बाजूला ती पाहुण्यांसाठी हमखास होते. बेसनाच्या शिजवलेल्या थरात तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून गुंडाळी करायची, ती दाबून माशासारखा आकार द्यायचा आणि आडव्या वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा. नावात मासा, ताटात हरभऱ्याची डाळ. समुद्र इथून दोन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेहूनही लांब, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या घरांत मासळी येणार नाहीच. पण वडीचा आकार आणि जेवणाचा थाट मात्र मासे खाणाऱ्याचा. माळकऱ्याला ती बेलाशक चालते.

पुरणपोळीच्या दिवशी डाळ शिजवून वरचं पाणी काढतात, त्याची आमटी होते. पुण्यात ती कटाची आमटी, नगरच्या खेड्यात येळवणीची. येळवणी या शब्दाच्या मुळाशी वेळणे हे क्रियापद आहे: शिजलेल्या अन्नातलं पाणी निथळून काढणे. बोलीत शब्दारंभीचा व घसरून य होतो. वेडा येडा होतो, वेस येस होते, तशी वेळवणी येळवणी झाली. डाळीचं पाणी टाकून न देता त्यात मसाला घालून सणाचं दुसरं पक्वान्न उभं करायचं, ही काटकसर त्या एका क्रियापदात नोंदलेली आहे. कटाचाही प्रवास पुढे गेला. मिसळीवर ओततात तो तिखट रस्सा कोल्हापुरात कट, नागपूरकडे तर्री आणि पुण्याच्या हॉटेलांत सँपल. नमुना म्हणून वाटीभर दिलेला रस्सा लोकांनी दोनदा-तीनदा मागितला आणि इंग्रजी सँपलचं मराठी पोट भरलं.

ठेचून केला तो ठेचा. तव्यावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजून तांब्याच्या बुडानं खरडले की खर्डा. पण नगर जिल्ह्यात खर्डा हा शब्द एकट्या मिरचीचा राहत नाही. जामखेड तालुक्यात खर्डा नावाचं गाव आहे आणि ११ मार्च १७९५ रोजी तिथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. सवाई माधवरावांच्या काळातला मराठी फौजांचा हा शेवटचा मोठा एकत्र विजय. कचेरीत आणखी एक खर्डा असतो, पत्राचा कच्चा मसुदा, आणि जन्मभर तेच खरडत बसणाऱ्याच्या वाट्याला खर्डेघाशी येते. लढाई, मिरची आणि कारकुनी एका शब्दात नांदतात, आणि कुठला खर्डा कुठला हे संदर्भानं आपोआप कळतं.

मिरची स्वतः मात्र परकी. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात अमेरिकेहून इकडे आली. तिखटपणासाठी इथे आधी मिरे होते, तर नव्या तिखटाला त्यांचंच नाव मिळालं. म्हणजे ज्या ठेच्याला आपण गावरान म्हणतो, तो शिवरायांच्या आजोबांच्या पिढीलाही नवाच असणार. भुईमुगाचंही असंच. शेंग जमिनीखाली धरते, दाणा ओळखीच्या मुगासारखा गृहीत धरला आणि भुईतला मूग असं त्याचं बारसं झालं. सर्वांत धीट नामकरण सीताफळाचं. तेही अमेरिकेतून आलं, कोरड्या डोंगरउतारांवर रुजलं, आणि लोकांनी त्याला थेट रामायणात नेऊन बसवलं. त्याच्या भावंडाला रामफळ म्हटलं. पुढे आणखी दोन भाऊबंद आले ते लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ झाले. वनवास आणि माळरान यांचं नातं लोकांना सांगावं लागलं नसावं.

धान्याची नावं गावांतही मुरली आहेत. राळे हे बारीक दाण्याचं भरडधान्य आता ताटातून जवळपास गेलं, पण राळेगण म्हणताना कानाला ते ऐकू येतं. नगर तालुक्यात आंबिलवाडी आहे, आणि आंबील म्हणजे पीठ आंबवून केलेलं पातळ पेय, पोटाला आधार आणि उन्हाला उतारा. या जिल्ह्यात पोट भरण्याचा प्रश्न किती जुना आहे, याचा हा बिनकागदी पुरावा.

आणि मग येतो तेरावा महिना.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हिशेब जुळवायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक महिना वाढवतात. पंचांगात तो अधिक मास, घरात धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे करून घालायचे. धोंडे म्हणजे पुरण भरून केलेले कणकेचे गोल, घट्ट गोळे, उकडलेले किंवा तळलेले. दिसायला दगडासारखे, म्हणून धोंडे. सोबत तेहतीस अनारसे. लेकीकडच्या माणसाला दगड वाढून खूश करणारा हा एकमेव सण असेल. पण हाच महिना दुष्काळी वर्षात पडला तर? आधीच बारा महिने कसेबसे रेटायचे, त्यात खाणाऱ्या तोंडांना आणखी तीस दिवस. त्यातून म्हण आली: दुष्काळात तेरावा महिना. मुंबईच्या लोकलमध्ये छत्री हरवल्यावरही लोक ही म्हण वापरतात; तिचा मूळ अर्थ कणगीतल्या दाण्यांशी बांधलेला आहे हे त्यांना आठवत नाही. पाऊस लांबला की खेड्यात अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागत फिरणाऱ्या पोराला धोंडी म्हणतात. एका धोंड्यानं जावयाचं ताट सजतं, दुसऱ्यानं आभाळाची विनवणी होते.

दुष्काळ या शब्दाचं सरकारशी मात्र कधी पटलं नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्रात एक कायदा झाला. त्याचं कामच होतं राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून इंग्रजीतला दुष्काळवाचक शब्द काढून टाकणं. त्याच्या जागी टंचाई आली. पीक जळतं तसं जळत राहिलं, कागदावर मात्र दुष्काळ उरला नाही. पुढे तर "टंचाईसदृश" आणि "दुष्काळसदृश" अशी सावल्यांची सावली असलेली विशेषणंही निघाली. दुष्काळ मोजण्याचं मापही असंच. पूर्वी पीक आण्यांत मोजत, सोळा आणे म्हणजे भरपूर. "सोळा आणे खरं" हे तिथलंच. ही आणेवारी. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली की गाव अडचणीत, म्हणजेच सवलतींना पात्र. पन्नास पैशांचं नाणं बाजारात कुणी हातात घेत नाही, पण पैसेवारीत ते अजून चालतं.

कायद्यानं शब्द पुसल्यावर नऊ वर्षांत, १९७२ मध्ये, तो दारात येऊन उभा राहिला. महाराष्ट्रातल्या वयस्कांसाठी "बहात्तरचा" एवढंच पुरेसं असतं, पुढे दुष्काळ म्हणावं लागत नाही. जन्म, लग्न, घरातली वाटणी, सगळं त्याच्या आधी किंवा नंतर मोजलं जातं. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, तलाव, नालाबांध. खडी फोडायला जाणं ही त्या काळात पाटलाच्या घरालाही न चुकलेली गोष्ट होती. आणि कामाबरोबर नवी खाद्यसंस्कृती आली. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिचं नाव मिलो. ज्वारीच ती, पण इथल्या जिभेनं तिला ज्वारी म्हणायला साफ नकार दिला आणि पिशवीवरचं परकं नावच कायम ठेवलं. कामावर वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ म्हणजे सुकडी. मिलोचं नाव आजही तोंड वाकडं करून घेतलं जातं. सुकडीचं नाव मात्र त्या वेळी लहान असलेले लोक जरा हसूनच घेतात.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर पसरली; तिचा कायदा १९७७ चा. सरकारी कागदांत ती रोहयो, लोकांत नुसती हमी. "हमीवर गेलीय" असं शेजारीण सांगे. हमी म्हणजे खात्री. ज्या भागात पावसाचीही खात्री नव्हती, तिथे हा शब्द स्त्रीच्या रोजच्या कामाचं नाव झाला. पुढे याच योजनेच्या काही कामांची ख्याती अशी झाली की रेंगाळत चाललेल्या कुठल्याही उद्योगाला "रोजगार हमीचं काम" म्हणायची पद्धत पडली.

दुष्काळानं जुन्या शब्दांनाही नवी कामं लावली. छावणी म्हणजे फौजेचा तळ. नगरशेजारच्या भिंगारला ती इंग्रजांपासून आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात छावण्या उघडल्या, त्या जनावरांच्या. शेतकरी बैलाच्या दावणीशेजारी अंथरूण टाकून राहिला आणि छावणीला गेलोय म्हणू लागला. शेजारच्या मराठवाड्याला वर्तमानपत्रांनी टँकरवाडा म्हणून टाकलं. पूर्वेकडच्या पाथर्डी-शेवगावातून आणि बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बोलीत तर माणसाचं नावच बदललं: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम ती उचल आणि फडाशेजारी पाचटाची झोपडी ती कोपी. हाताच्या अवजारानं माणसाचं नाव इतक्या सहज गिळलेलं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या सगळ्या शब्दांच्या गर्दीत हिवरे बाजार १९८९ मध्ये होतं: नगरपासून सतरा किलोमीटरवर, उघड्या डोंगरांच्या कुशीत, कामाच्या शोधात बाहेर गेलेल्या माणसांचं गाव. त्या साली गावानं वाणिज्य शाखेत एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केलं. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं, आणि गावात बंदी या शब्दाचा हंगाम सुरू झाला. राळेगण सिद्धीत किसन बाबूराव हजारे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांच्या पुढाकारानं जे नियम रुजले होते, तेच इथे आले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. पुढे त्यात बोअरवेलबंदी आणि लोटाबंदी मिळाली.

यातला प्रत्येक शब्द कुणी भाषातज्ज्ञानं नव्हे, ग्रामसभेत बसणाऱ्यांना चटकन कळावा म्हणून घडवलेला. कुऱ्हाडबंदी म्हणताच "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपोआप मागे उभी राहते. लाकडाचाच दांडा लाकडाचा वैरी. चराईबंदी म्हणजे डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. पण मराठीत चरणं हे काम गुरांपुरतं राहिलेलं नाही. योजनेतला पैसा जिथे गायब होतो, त्याला वर्तमानपत्रं चराऊ कुरण म्हणतात. मलिदाही तिथेच लाटला जातो. मलिदा हा फारसीतला "मळलेला" या अर्थाचा शब्द; पोळी कुस्करून गूळ-तूप घालून केलेला गोड पदार्थ, दर्ग्यांत आणि नाथांच्या ठाण्यांवर नैवेद्याचा. देवापुढचा मलिदा कंत्राटदाराच्या घरी कधी गेला याची तारीख सापडत नाही, पण गेला हे खरं. भाकरी राजकारणात फिरवली जाते, पोळी दुसऱ्याच्या आगीवर भाजून घेतली जाते आणि झुणका-भाकर १९९५ मध्ये एक रुपयाची सरकारी योजना होऊन निवडणुकीच्या भाषणात जाऊन बसते. मराठी माणूस सत्तेबद्दल बोलायला लागला की स्वयंपाकघरातूनच बोलतो.

लोटाबंदीचा तर स्वतंत्र शब्दकोश होईल. पहाटे हातात लोटा घेऊन गावाबाहेर जायचं नाही, असा त्याचा अर्थ. लोट्याचा गरीब भाऊ टमरेल, इंग्रजी टंबलरपासून घडलेला. २००० नंतरच्या ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांत हागणदारी हा शिष्ट ओठांवर न येणारा शब्द थेट शासन निर्णयात चढला. गावांच्या वेशीवर "हागणदारीमुक्त गाव" असे फलक रंगले आणि मंत्र्यांच्या हस्ते त्यांचे सत्कार झाले. झुडपाआड बसलेल्यांना गाठायला पहाटे निघणाऱ्या सरकारी पथकाचं नाव पडलं गुड मॉर्निंग पथक. इंग्रजी शिष्टाचाराची इतकी बेरकी थट्टा फार कमी ठिकाणी झाली असेल.

बंदी या शब्दाला आणखी एक बाजू आहे. फारसीतला बंद आणि संस्कृतातला बंध हे एकाच मुळातून फुटलेले भाऊ. दोन्हींचा अर्थ बांधणं. शेताच्या कडेला घालतात तो बांध. डोंगरावर पडलेलं पाणी अडवायला जी कामं होतात, त्यांना बांधबंदिस्ती म्हणतात. एकाच जोडशब्दात दोघे भाऊ, हजारो वर्षांनी पुन्हा शेजारी. हिवरे बाजारच्या डोंगरांवर सलग समतल चर खणले, नाल्यांवर बांध पडले, पाणी मुरलं. आणि मग गावानं कचेरीतला तिसरा बंद आणला: ताळेबंद. किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, पिण्याला किती लागेल, गुरांना किती, हे मांडून दरवर्षी ग्रामसभेत ठरतं की यंदा कोणतं पीक घ्यायचं. ऊस आणि केळी यांना मनाई. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र आखडतं. व्यापाऱ्याच्या चोपडीतला शब्द पाण्याला लावला, हीच या गावाची भाषेतली सर्वांत मोठी उचलेगिरी. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशभरच्या बातम्यांत हा पाण्याचा ताळेबंद ज्याच्या-त्याच्या भाषेत पोचला होता.

बाहेर गेलेली अनेक कुटुंबं परतली. कुरणं राखल्यामुळे गवत मिळू लागलं, गवतामागे गायी आल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे चार हजार लिटरपर्यंत गेल्याचं छापून आलेलं आहे. दुधानं आपली बोली आणलीच. डेअरीला दूध विकत नाहीत, घालतात. सकाळी संकलन केंद्रापुढे किटल्या ओळीनं लागतात, यंत्रात नमुना जातो आणि पावतीवर आकडा उमटतो. मागे उभा असलेला पुढच्याला विचारतो, "किती लागली?" काय लागली, हे विचारायची गरज नसते. फॅट लागते, पारितोषिक लागल्यासारखी; आणि ज्याची चांगली लागली, तो पावती घडी न करता, आकडा वर दिसेल अशी हातात धरून घराकडे निघतो.